बोटीत चढण्याआधीचा शिक्का

"तुझी पीएचडी नक्की कशावर आहे गं?" हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक गणपतीत विचारला जातो. "आयात मालाच्या तपासणीचा इतिहास" असं उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा पडतो. "म्हणजे कस्टम्स का?" नाही, कस्टम्स नाही. कस्टम्सवाले माल इथं उतरल्यावर बघतात. मी अभ्यास करते तो त्याआधीच्या तपासणीचा. माल अजून परदेशातल्या कारखान्यातच आहे, बोटीत चढलेला नाही, आणि विकत घेणाऱ्याचा माणूस तिथं जाऊन तो ठोकून, मोजून, तोडून बघतो आहे. पास झाला तर शिक्का मारतो, नाही तर तिथंच बाजूला काढतो.

हा विषय मला सुचला आमच्या घरातून. सातपूरला वडिलांचं छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिल आणि बाकी उसनवारी. ऑर्डर मोठी असली की गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर माल उचलण्याआधी यायचा. त्या दिवशी घरात सकाळपासून धावपळ. आई पोहे करायची, वडील शर्ट इस्त्रीचा घालायचे. साहेब व्हर्नियर आणि गेज घेऊन बसायचे, पेटीतून कुठलेही दहा-वीस नग उचलायचे आणि शेवटी छोट्या पंचनं त्यावर ठोका मारायचे. तो ठोका पडला की बाबा निवांत. एकदा मात्र ठोका पडलेला अख्खा लॉट साईटवरून परत आला. माप ड्रॉइंगबरहुकूम होतं, पण ड्रॉइंगच चुकीचं होतं. पैसे सहा महिने अडकले. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "त्यानं माल तपासला. ड्रॉइंग कोणी तपासलं?"

हे वाक्य लक्षात ठेवा. आजचा सगळा लेख फिरून तिथंच येणार आहे.

माल आधीच का तपासायचा?

आपल्याकडच्या रेल्वेपासून सुरुवात करूया, कारण एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या कारखानी मालातला फार मोठा वाटा रेल्वेचा होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला १८४९ मध्ये. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, ते आपण शाळेपासून वाचतो. ती ओढणारी इंजिनं इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत बनली होती, हे मात्र सहसा वाचत नाही. इंजिनं, रूळ, पुलांचे गर्डर, फिशप्लेटा, बोल्ट, सगळं तिकडून.

आता जरा त्या काळातल्या गिऱ्हाइकाच्या जागी बसून बघा. सुएझ कालवा सुरू झाला १८६९ मध्ये. त्याआधी शिडाच्या जहाजातला माल आफ्रिकेला वळसा घालून यायचा आणि त्याला तीन-चार महिने सहज लागायचे. समजा मुंबईत रूळ उतरवले आणि लक्षात आलं की ते ठिसूळ आहेत. करायचं काय? परत पाठवायचे तर पुन्हा तेवढे महिने आणि जहाजाचं भाडं. नवे मागवायचे तर आणखी महिने. तोवर पावसाळा येणार आणि काम बंद पडणार. वापरायचे ठरवले, तर त्यावरून माणसं जाणार आहेत.

म्हणजे लांबून घेतलेला माल उतरल्यावर तपासण्यात फारसा अर्थच नव्हता. तपासणीला किंमत तेव्हाच असते जेव्हा 'नाही' म्हणणं परवडतं. आणि 'नाही' म्हणणं परवडणारी शेवटची जागा म्हणजे कारखान्याचं फाटक, फार तर गोदी. माल बोटीत चढला की घेणारा अडकला.

दुसरं कारण पैशाचं. अशा व्यवहारात पैसे देण्याची वेळ तपासणीच्या दाखल्याशी आणि बोटीत माल चढल्याच्या कागदाशी बांधलेली असते. शिक्का म्हणजे एका अर्थानं चेकवरची सही. त्यामुळं तो कोण मारतो याला फार महत्त्व.

लंडनमधले डोळे

मग हिंदुस्थानसाठी हा शिक्का मारत कोण होतं? दोन प्रकारचे लोक.

एक म्हणजे इंडिया ऑफिसचं स्टोअर्स खातं. थेम्सच्या दक्षिण काठावर, लँबेथमध्ये बेलव्हेडिअर रोडवर इंडिया स्टोअर डेपो होता. सरकारसाठी घेतलेला माल, कापड आणि बुटांपासून तारायंत्राच्या सामानापर्यंत, या खात्याच्या नजरेखालून जायचा. दुसरे म्हणजे सल्लागार अभियंते. रेल्वे कंपन्यांचे आणि पुढे सरकारी रेल्वेचे सल्लागार लंडनमध्ये बसत. त्यांतलं सगळ्यात मोठं नाव सर अलेक्झांडर रेंडेल यांचं. ड्रॉइंग काढणं, स्पेसिफिकेशन लिहिणं, टेंडर तपासणं आणि कारखान्यात निरीक्षक पाठवणं, हे सगळं एकाच छपराखाली चालायचं. ही गोष्टही लक्षात ठेवा, पुढे लागेल.

निरीक्षक कारखान्यात जाऊन करायचा काय? रुळाचं उदाहरण घेऊ. एकेका घाण्यातून (म्हणजे भट्टीच्या एका ओतपातून) निघालेल्या रुळांपैकी एखादा निवडायचा. त्याचा तुकडा दोन टेकूंवर ठेवायचा आणि ठरलेल्या उंचीवरून जड वजन त्यावर सोडायचं. तुकडा वाकला तर चालेल, वाकण्यालाही मर्यादा असते, पण मोडला तर तो घाणाच संशयास्पद. मग छोटा नमुना कापून तो ताणून तोडायचा, किती जोर लागला ते लिहायचं. पुढे पोलादाचं युग आलं तशी रासायनिक तपासणीही आली. मग गेज लावून आकार, लांबी, भोकांची जागा. पास झालेल्यावर शिक्का. नापास झालेल्यावरही खूण, कारण ती नसेल तर आज नाकारलेला रूळ उद्या दुसऱ्या राशीतून पुन्हा समोर येतो. आमच्या सातपूरच्या इन्स्पेक्टर साहेबांनाही ही युक्ती चांगली माहीत होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कडक काम असेल तर सगळं आलबेल असणार. तिथंच गंमत आहे.

मेणानं बुजवलेली भोकं

१८६० च्या दशकात डेव्हिड किरकॅल्डी नावाच्या स्कॉटिश माणसानं एक अजस्र यंत्र बनवून घेतलं. लांबी ४७ फुटांहून जास्त, वजन ११६ टन. काम एकच: लोखंड, पोलाद, दगड, साखळदंड, जे आणाल ते ताणून, दाबून, वाकवून तोडायचं आणि आकडा सांगायचा. १८७४ पासून हे यंत्र लंडनमध्ये साउथवार्क स्ट्रीटवरच्या त्याच्या इमारतीत आहे. दारावर त्यानं कोरून घेतलं होतं: मतं नव्हेत, तथ्यं. स्वतः कारखानदार नाही, विकणारा नाही, घेणारा नाही, असा तिसरा माणूस पैसे घेऊन माल तपासतो, ही कल्पना तोवर जहाजांच्या आणि धान्याच्या व्यापारात मूळ धरत होती. ब्यूरो व्हेरितास १८२८ मध्ये अँटवर्पला सुरू झाली, आणि आज एसजीएस म्हणून ओळखली जाणारी संस्था १८७८ मध्ये फ्रान्समधल्या रूआँला, धान्य तपासण्यासाठी. किरकॅल्डीनं तीच कल्पना धातूच्या बाबतीत राबवली.

किरकॅल्डी मूळचा डंडीचा. आणि त्याच डंडीजवळ टे नदीवरचा पूल २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात कोसळला. वरून जाणारी गाडी नदीत गेली, त्यातलं कोणीही वाचलं नाही. पूल सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. सुरू होण्यापूर्वी सरकारी रेल्वे निरीक्षकानं तीन दिवस तपासून त्याला मान्यता दिलेली होती.

चौकशीत बरंच काही बाहेर आलं. वाऱ्याचा जोर आराखड्यात नीट धरलाच नव्हता. ओतीव खांबांमध्ये पोकळ्या राहिल्या होत्या आणि ओतशाळेत त्या एका लगद्यानं बुजवल्या जात होत्या. त्या लगद्यात मधमाशीचं मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी. थंड झाल्यावर घासला की वरून हुबेहूब लोखंड. कामगारांमध्ये त्याला खास नावसुद्धा होतं. तुटलेले भाग तपासायला आणले कुठं, तर किरकॅल्डीच्या यंत्रावर. ज्या जोडांनी जेवढा भार पेलायला हवा होता, त्यापेक्षा ते बऱ्याच कमी भाराला तुटले.

हे उदाहरण हिंदुस्थानचं नाही, मान्य. पण मी ते मुद्दाम घेतलं. आपल्याकडे एक समज असतो की तिकडचा माल म्हणजे चोख आणि फसवणूक होते ती फक्त आपल्यासारख्या लांबच्या गिऱ्हाइकाची. टे पूल सांगतो की घरच्या अंगणातसुद्धा, ओतशाळा नदीच्या काठावरच असताना, नजर नसेल तर मेण भरलं जातं. मुद्दा अंतराचा जितका, तितकाच बघणाऱ्याला काय दिसतं आणि त्यानं काय बघायचं ठरवलंय याचा आहे.

आणि आपल्याकडे? बोरघाटातला एक दगडी पूल १८६७ च्या पावसाळ्यात ढासळला. तिथं दोष होता इथंच केलेल्या दगड-चुन्याच्या कामात. म्हणजे परदेशातून येणाऱ्या लोखंडावर लंडनमध्ये शिक्के पडत होते आणि घाटातल्या ठेकेदाराच्या कामावर मात्र तशी नजर नव्हती. तपासणीची सगळी शिस्त माल निघायच्या टोकाला, आणि पोचायच्या टोकाला ढिलाई.

शिक्का कुठे बसतो, त्यावर कारखाना कुठे उभा राहतो

इथून माझ्या प्रबंधाचा मुख्य मुद्दा सुरू होतो. तपासणी लंडनमध्ये असण्याचा एक परिणाम असा की खरेदीही तिथंच राहिली. विचार करा. ज्याचा निरीक्षक मँचेस्टर आणि ग्लासगोच्या कारखान्यांत रोज जाऊ शकतो, तो माल तिथूनच घेणार. हिंदुस्थानात कोणी रूळ बनवले तरी ते तपासणार कोण? यंत्र कुठे आहे? निरीक्षक कुठे आहे? 'तुमचा माल तपासायची सोय नाही' हे कारण 'तुमचा माल वाईट आहे' इतकंच परिणामकारक असतं, आणि त्यात कोणावर आरोपही करावा लागत नाही.

दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या गळतीचा हिशेब मांडला, त्यात लंडनमध्ये होणाऱ्या खर्चाचा मुद्दा मोठा होता. सरकारी सामानाची खरेदी हा त्या खर्चाचा एक भाग. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यायमूर्ती रानडे पुण्यात औद्योगिक परिषदेत लोखंड-उद्योगावरच्या सुरुवातीच्या प्रयत्नांबद्दल निबंध वाचत होते. ही चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा जकात आणि भांडवल यांच्या अंगानं होते. तपासणीच्या अंगानं फारशी होत नाही.

मग आले टाटा. साकचीचा कारखाना उभा राहण्याआधी रेल्वे बोर्डानं दहा वर्षं, दर वर्षी २०,००० टन रूळ घ्यायची तयारी दाखवली. अट: माल स्पेसिफिकेशनला उतरला पाहिजे. सर फ्रेडरिक अपकॉट यांचा किस्सा टाटांच्या इतिहासात हमखास येतो, की टाटांनी ब्रिटिश स्पेसिफिकेशनचे रूळ बनवलेच तर ते आपण खाऊन दाखवू. किस्सा रंगतदार आहे, पण मला त्यातला एकच शब्द महत्त्वाचा वाटतो: स्पेसिफिकेशन. साहेबांची मतं काहीही असोत, एकदा कागदावर आकडा आला की तो आकडा कोणीही गाठू शकतो. मत बदलायला पिढ्या जातात, आकडा गाठायला भट्टी आणि यंत्र पुरतं. (किरकॅल्डीच्या दारावरचं वाक्य आठवलं ना?)

फेब्रुवारी १९१२ मध्ये साकचीत पहिलं पोलाद निघालं. त्याच वर्षी रेल्वे बोर्डानं कलकत्त्यात अलिपूरला चाचणीगृह सुरू केलं. आजचं नॅशनल टेस्ट हाउस ते हेच. कारखान्याच्या दारातही सरकारी धातू-निरीक्षक बसला. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्ग धोक्यात आले, तेव्हा मेसोपोटेमियातल्या रेल्वेसाठी इथून सुमारे १,५०० मैलांचे रूळ गेले. वीस वर्षांपूर्वी ज्यांचा माल तपासायचीही सोय नव्हती, त्यांच्या मालावर साम्राज्याचं सैन्य धावत होतं.

युद्धानंतर चक्र जरा वेगानं फिरलं. १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन झालं, म्हणजे सरकारी खरेदी आणि तपासणी हिंदुस्थानातून करणारं खातं. १९३१ च्या नव्या नियमांनी 'रुपया टेंडर' हे धोरण पक्कं केलं. टेंडर इथं निघणार, माल इथं पोचता करायचा, पैसे रुपयांत मिळणार. ऐकायला हे हिशेबनिसाचं काम वाटतं. पण त्याचा अर्थ असा की परदेशी कारखानदारालाही आता इथल्या दारात माल आणून द्यायचा होता आणि लंडनच्या शिक्क्याची मक्तेदारी संपायला लागली होती.

बिहटा

इथं हा लेख संपवला असता तर गोष्ट गोड झाली असती. पण १७ जुलै १९३७ ला पाटण्याच्या पश्चिमेला बिहटा इथं पंजाब-हावडा एक्स्प्रेस रुळावरून घसरली. शंभराहून अधिक माणसं गेली. इंजिन होतं 'एक्सबी' वर्गातलं.

ही एक्सबी आणि तिच्या जोडीची एक्सए, एक्ससी इंजिनं १९२० च्या दशकात आपल्या रेल्वेसाठी प्रमाणित नमुने म्हणून आखली गेली. आखणीत लंडनच्या सल्लागारांचा हात होता. ती विलायतेतल्या नामांकित कारखान्यांत बनली. पुरेशी चाचणी घेण्याआधीच मोठ्या संख्येनं ऑर्डरी गेल्या. अडीचशेहून जास्त इंजिनं आली. प्रत्येकाचा बॉयलर, चाकं, दांडे ड्रॉइंगप्रमाणे होते. रुळावर आल्यावर मात्र ती ठराविक वेगाला नागमोडी डोलायची आणि खालचा मार्ग वाकडा करायची. बिहट्यानंतर ब्रिटनचे ॲलन माउंट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिच्यात विल्यम स्टॅनियरसारखा नाणावलेला अभियंता होता. १९३९ च्या अहवालाचा रोख असा की इंजिनाच्या पुढच्या आणि मागच्या गाड्यांना आडव्या हालचालीत आवर घालणारी रचनाच अपुरी होती.

म्हणजे माल चोख होता, चूक ड्रॉइंगमध्ये होती. आणि ड्रॉइंग काढणारा, स्पेसिफिकेशन लिहिणारा आणि निरीक्षक पाठवणारा एकाच छपराखाली असेल, तर त्या छपराखालून ड्रॉइंगकडे बोट कोण दाखवणार? निरीक्षकाच्या हातातला गेज मालाला लागतो. तो कागदाला लागत नाही. सातपूरच्या बोल्टांबद्दल बाबा जे म्हणाले, तेच इथं शंभर माणसांच्या जिवावर बेतलं.

या गोष्टीचा शेवट मात्र चांगला आहे. पुढची नवी इंजिनं, आपल्या पिढीच्या आजोबांना आठवणारी ती गोल नाकाची डब्ल्यूपी, मागवताना रेल्वेनं आधी फक्त १६ नमुने अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीकडून घेतले. ती १९४७ मध्ये आली, इथल्या रुळांवर, इथल्या कोळशावर पळवून बघितली, आणि मगच मोठ्या ऑर्डरी गेल्या. डब्ल्यूपीनं त्यानंतर कित्येक दशकं मेल गाड्या ओढल्या. १९३० मध्ये सुरू झालेलं सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस १९५७ मध्ये लखनौच्या आरडीएसओमध्ये विलीन झालं. ड्रॉइंग तपासणारं घर आता आपल्याकडे होतं.

आज

गेल्या काही वर्षांत एक उलटा प्रवास सुरू आहे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणचिन्ह सक्तीचं झालं. परदेशी कारखान्याला ते हवं असेल तर बीआयएसचा अधिकारी तिकडे कारखान्यात जाऊन बघतो. म्हणजे आता शिक्का घेऊन आपला माणूस जातो. दीडशे वर्षांपूर्वी जो प्रश्न लंडनला होता तो आज आपल्याला आहे: लांबच्या कारखान्यात आपले डोळे कसे ठेवायचे? आणि जो प्रश्न साकचीला होता तो आज दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या लहान कारखानदाराला असेल: तपासायला कोणी येतच नाही, तर माल पास कसा होणार?

म्हणून कुठलीही तपासणी समोर आली की मी तीन प्रश्न विचारायला शिकले आहे. शिक्का कोण मारतो? तो कुठे उभा राहून मारतो? आणि ज्या कागदाशी ताडून मारतो, तो कागद कोणी तपासला?

मागच्या महिन्यात या प्रकरणाचा मसुदा गाईडना दिला आणि एक प्रत घरीही नेली. बाबांनी बिहट्याचा भाग दोनदा वाचला. चष्मा काढून म्हणाले, "एवढ्या मोठ्या साहेबांचंही ड्रॉइंग चुकतं तर." मग थोडं थांबून, "आपला लॉट तरी नुसता परत आला."